समाजविघातक स्वभाव मोजणारी प्रश्नावली कशी बनवायची, आणि ती खरंच तेच मोजते का हे कसं तपासायचं

आधी एक गोंधळ दूर करूया. जो गणपतीत आरतीला येत नाही, चाकरमानी आले तरी खोलीतून बाहेर पडत नाही, त्याला आपल्याकडे पोरं सरळ 'अँटीसोशल' म्हणतात. तो बिचारा नुसता अबोल असतो. समाजविघातक गुण म्हणजे दुसऱ्याच्या हक्काची पर्वा नसणं, सराईतपणे खोटं बोलणं, फसवणं, आततायीपणा, आणि कुणाला दुखावून पश्चात्ताप न होणं. यातलं तुम्ही नक्की काय मोजणार ते पहिल्याच दिवशी चार ओळीत लिहा.

मग वाक्यं लिहायला घ्या. शेवटी २० हवीत तर ५०-६० लिहा, कारण निम्म्याहून जास्त गळणार आहेत. परदेशी प्रश्नावली उचलून भाषांतर करायचा मोह होतो, पण इथेच सगळं फसतं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात, समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराच्या बेजबाबदारपणाच्या निकषात नोकरी न टिकणं येतं, आता आपल्याकडचा खलाशी जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी असतो आणि नारळी पौर्णिमेनंतर दुसऱ्याच मालकाच्या बोटीवर जातो, तो काय बेजबाबदार झाला? 'मी जीवाची पर्वा न करता धोका पत्करतो' हे वाक्य समुद्रावर जाणाऱ्याला विचारलंत तर तुम्ही त्याचा धंदा मोजताय, स्वभाव नाही. कोर्टकचेरीचा प्रश्न घातलात तर सातबाऱ्यावर किती भाऊबंद आहेत एवढंच कळेल. त्यापेक्षा 'वाटा कमी दाखवून पैसे मागे ठेवले तर मला काही वाटत नाही' असलं वाक्य लिहा, ते इथे सगळ्यांना कळतं.

लिहून झालं की पाच-दहा जणांसमोर बसून एकेक वाक्य वाचून घ्या आणि 'तुम्हाला काय कळलं ते सांगा' म्हणा. ही पायरी लोक गाळतात, मीसुद्धा एकदा गाळली आणि पस्तावलो. 'मला कुणाचं वाईट वाटत नाही' हे वाक्य मी निर्दयपणासाठी लिहिलं होतं, एका आजीने 'मी कुणाचं मनाला लावून घेत नाही' असा अर्थ घेतला आणि 'पूर्ण सहमत' वर खूण केली! दुहेरी नकार तर अजिबात नको.

नंतर या विषयातल्या तज्ज्ञांना प्रत्येक वाक्य आवश्यक आहे का ते विचारा. त्यांची मतं मोजायची लॉशे यांची १९७५ ची पद्धत सोपी आहे, १० तज्ज्ञांपैकी ९ जणांनी वाक्य आवश्यक म्हटलं तर ९ मधून निम्मे म्हणजे ५ वजा करा, ५ ने भागा, ०.८ आलं. दहा जणांसाठी ०.६२ च्या वर असेल तर ठेवा.

आता फॉर्म भरून घेणं. नाव नको, लेखी संमती हवी, आणि गावात ज्याला सगळे ओळखतात अशा माणसाने फॉर्म गोळा करू नयेत. मी वर्गात समोर उभं राहून भरून घेतले तेव्हा सगळी मुलं गुणीच निघाली. तेव्हा फॉर्म बंद पाकिटात पेटीत टाकायला सांगा.

किमान ३०० जण मिळवा. ज्या वाक्याचा बाकीच्या एकूण गुणांशी सहसंबंध (एक वाढलं की दुसरं किती सोबत वाढतं याचा आकडा) ०.३ पेक्षा कमी ते काढा, क्रोनबाख अल्फा (सगळी वाक्यं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७ च्या वर हवा. पण अल्फा चांगला आला म्हणजे प्रश्नावली खरी असं नाही हो, एकच वाक्य पाच प्रकारे लिहिलंत तरी तो वाढतो. फॅक्टर अ‍ॅनालिसिसने कुठली वाक्यं एकत्र जातात ते बघा, आणि तीच रचना दुसऱ्या नव्या लोकांवर तपासा, त्याच ३०० वर नाही. दोन-तीन आठवड्यांनी काहींकडून परत भरून घ्या, म्हणजे स्थिरता कळेल. त्यासाठी नावाऐवजी त्यांनी स्वतः ठरवलेला सांकेतिक शब्द फॉर्मवर लिहायला सांगा.

खरी परीक्षा वैधतेची, म्हणजे प्रश्नावली जे मोजायचं तेच मोजते का याची. असलेच गुण मोजणारी लेव्हेन्सन यांची १९९५ ची २६ वाक्यांची मोजपट्टी सोबत द्या (तीसुद्धा वरच्यासारखीच वाचून तपासून), गुण बऱ्यापैकी जुळायला हवेत. शिवाय स्वतःला चांगलं दाखवण्याची सवय मोजणारी मार्लो-क्राउन यांची १९६० ची ३३ वाक्यांची मोजपट्टीही द्या, म्हणजे त्या सवयीचा उत्तरांवर किती परिणाम झाला ते कळेल. तरीही जो खोटं बोलण्यात तरबेज तो फॉर्मवर खरं का लिहील, हा प्रश्न सुटत नाही. म्हणूनच निर्दय, फसव्या स्वभावासाठीची (सायकोपथी) हेअर यांची २० मुद्द्यांची यादी, जिचे जास्तीत जास्त ४० गुण होतात, ती माणसाला स्वतः भरायला देत नाहीत, मुलाखत आणि जुनी कागदपत्रं बघून प्रशिक्षित माणूस भरतो. जमलं तर काही जणांच्या बाबतीत त्यांच्या परवानगीने घरच्यांनाही विचारा.

शेवटी गुणांचा तक्ता खलाशी, बागायतदार, कॉलेजची मुलं असा वेगवेगळा करा. आणि पहिल्या पानावर ठळक लिहा की यावरून कुणाला समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार असल्याचं निदान होत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञच करतात, आणि १८ वर्षांखालच्या मुलावर तर हा शिक्का तेही मारत नाहीत.