लॉकेट-घड्याळ तराजूत टाकण्याआधी या चुका टाळा

ठाण्यात जुनं काही मोडीत काढायचं म्हटलं, की पाय आपोआप सराफाकडे वळतात. पण आजीच्या डब्यातून निघालेलं, चेंडूच्या, भुंग्याच्या किंवा मेंडोलिनच्या आकाराचं, साखळीत अडकवायचं छोटं घड्याळ हा मोडीचा माल नाही. सराफ त्याचा धातू तोलणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मात्र एवढ्याशा केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीत, चांदी असून असणार किती? खरी किंमत असते ती मीनाकामाची, आतल्या मशीनची आणि त्या आगळ्या आकाराची. तराजूला यातलं काहीच कळत नाही. कस पाहण्यासाठी केसच्या कडेला कानसही मारू देऊ नका. तो ओरखडा कायमचा राहतो.

चावी ओढून बघणं

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बंद घड्याळ हाती आलं, की लोक काटे लावायला चावी बाहेर ओढतात, आणि ती येईना म्हणून पक्कड घेतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कितीतरी स्विस लॉकेट-घड्याळांत चावी ओढायची सोयच नसते. चावीच्या शेजारी, केसच्या कडेला तांदळाच्या कणीएवढी पिन असते. ती नखाने दाबून धरायची आणि दाबलेली असतानाच चावी फिरवायची, म्हणजे काटे फिरतात. पिन सोडली की तीच चावी स्प्रिंग भरते. चेंडूच्या आकाराच्या बऱ्याच घड्याळांना तर चावीच नसते, काचेभोवतीची कडा फिरवून स्प्रिंग भरावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे चांगली चालती घड्याळं 'चावी तुटलेली' म्हणून कवडीमोल किमतीला गेली आहेत.

चालू झालं तरी लगेच दिवसभर चालवू नका. आतलं तेल वाळलेलं असेल तर आसांची बारीक टोकं झिजतात. आधी सर्व्हिसिंग करून घ्या. मागचं झाकणही घरी सुरीने उघडू नका, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे त्यासाठी वेगळं हत्यार असतं. काटे किंवा आकडे अंधारात चमकणाऱ्या रंगाचे असतील तर तो रंग अजिबात खरवडू नका, जुन्या घड्याळांत तो किरणोत्सर्गी रेडियमचा असू शकतो.

घासूनपुसून लख्ख करणं

रिठ्याचं पाणी बांगड्यांना चालतं, घड्याळाला नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांनी कोरीवकाम बोथट होतं, धातूच्या शुद्धतेचे छाप पुसट होतात आणि मीन्याच्या भेगांत पाणी शिरतं. जाणकार गिऱ्हाईक काळवंडलेली चांदी आनंदाने घेतं, घासून गुळगुळीत झालेल्या केसचे मात्र पैसे कापतं.

झाकणावरचा मजकूर चुकीचा वाचणं

आतल्या झाकणावर 'रेमॉन्त्वार', 'सिलांद्र', '10 रुबी' असं कोरलेलं दिसलं, की लोक त्या नावाची कंपनी शोधत बसतात. ही नावं कंपनीची नाहीत. पहिल्याचा अर्थ वेगळ्या किल्लीशिवाय चावी देता येणारं, दुसरं आतल्या एस्केपमेंटच्या, म्हणजे टिकटिक घडवणाऱ्या यंत्रणेच्या, प्रकाराचं नाव, आणि तिसऱ्याचा अर्थ मशीनमध्ये 10 खडे आहेत. 'स्पिरल ब्रेगे' दिसलं म्हणून घड्याळ ब्रेगे कंपनीचं होत नाही, ते हेअरस्प्रिंगच्या, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या, वळणाचं नाव आहे. पदकांच्या चित्रांशेजारी 1889 असं साल असेल तर ते पदक मिळालेल्या प्रदर्शनाचं, घड्याळ त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेलं असू शकतं. केसवरचा चार आकडी नंबर तर बहुधा साल नसतोच.

भरवसा ठेवायचा तो बारीक छापांवर. 1880 च्या स्विस कायद्यानंतर 18 कॅरेट सोन्यावर हेल्व्हेशियाचा, म्हणजे एका स्त्रीचा मुखवटा, 14 कॅरेटवर खार, उंच प्रतीच्या चांदीवर अस्वल आणि 800 च्या (हजारात 800 भाग शुद्ध) चांदीवर रानकोंबडा मारला जाऊ लागला. भिंगाशिवाय हे दिसत नाहीत. अमेरिकन केसवर '20 वर्षं गॅरंटी' असा मजकूर असेल तर सोन्याचा फक्त पत्रा चढवलेला आहे. टंच काढायचं मशीनही वरचा थरच मोजतं, त्यामुळे त्याचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. उलट, आपल्याकडचं हॉलमार्क नाही म्हणून घड्याळ खोटं, असंही समजू नका. घड्याळांना सक्तीचं हॉलमार्किंग लागूच नाही.

जुनं दिसलं की 'व्हिक्टोरियन' म्हणणं

मशीनवर 'इन्काब्लॉक' (धक्क्यापासून बचाव करणाऱ्या यंत्रणेचं नाव) लिहिलेलं असेल तर घड्याळ 1930 च्या दशकाच्या आधीचं असूच शकत नाही. तबकडीच्या तळाशी 'टी स्विस टी' असेल तर ते आणखी अलीकडचं, कारण ती खूण ट्रिटियमची, म्हणजे रेडियमनंतर आलेल्या चमकत्या रंगाची. 1960-70 च्या दशकांत गळ्यात घालायच्या घड्याळांची पुन्हा लाट आली होती. ती सुंदर असतात आणि खोटी मुळीच नसतात, पण बरीचशी साध्या धातूची, स्वस्त मशीनची. भावही त्या लाटेतल्या घड्याळांचाच लावावा. पितळी रंगाच्या, घुबडाच्या आकाराच्या घड्याळात बॅटरीवरचं क्वार्ट्‌झ मशीन असेल तर विषयच संपला, पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आलं तेच 1969 च्या डिसेंबरात.

अवघड असतं ते जुन्या केसमध्ये दुसरंच मशीन बसवलेलं घड्याळ ओळखणं. झाकण उघडल्यावर स्क्रूची रिकामी भोकं शोधा. पिनसाठी केसला छिद्र आहे, पण आत पिन जोडायला काहीच नाही, असंही सापडतं. मग केस कितीही देखणी असो, संग्राहकाच्या लेखी घड्याळ अर्धंच. मीन्याची डागडुजी झाली असेल तर नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली भरलेला भाग बऱ्याचदा वेगळा चमकतो.

मागितलेल्या किमतीला भाव समजणं

ऑनलाइन कुणी काय मागतो याला अर्थ नाही. त्याच आकाराचं, त्याच अवस्थेतलं घड्याळ लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते पाहा. दुकानदार त्याहून कमीच देणार, त्याला दुरुस्ती आणि नफा काढायचा असतो. विम्यासाठीचा आकडा याहून वेगळा आणि चढा असतो, तो विक्रीच्या बोलणीत पुढे करू नका. विचारणा करताना फोटो पाठवायचे ते उघडलेल्या मशीनचे, आतल्या झाकणांचे, छापांचे आणि मीन्याच्या टवक्यांचे. टवका लपवला तर व्यवहार मोडतोच, शिवाय पुढच्या नगाला कुणी विचारत नाही.

गिऱ्हाईक परदेशातलं निघालं तर पार्सल करण्याआधी थांबा. घड्याळ शंभर वर्षांहून जुनं असेल तर 1972 च्या पुरातन वस्तू कायद्याचा प्रश्न येतो. ते 'पुरातन वस्तू'च्या व्याख्येत बसत नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या, मगच पैशांचं बोला.