लिनर्ड स्किनर्ड ऐकायचं कसं: विमान पडण्याआधी आणि नंतर

नवीन कुणी लिनर्ड स्किनर्ड हा अमेरिकन रॉक बँड ऐकायला बसलं की मी एकच विनंती करतो. त्यांच्या विमान अपघाताचं वाचून मग गाणी लावू नका. तसं केलं की गायक रॉनी व्हॅन झँटच्या ओळीओळीत मरणाची चाहूल लागते आणि बँड बाजूलाच राहतो.

सुरुवात १९७३च्या पहिल्या अल्बमपासून करा, हेडफोन लावून. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची ही पोरं शहराबाहेर एका खोपटात तासन्‌तास तालीम करायची. उकाडा एवढा, की त्या जागेचं नावच ‘हेल हाउस’ पडलं. तिथे घोटून घोटून त्यांचे सोलो, म्हणजे गिटारवर एकट्याने वाजवायचे तुकडे, तयार व्हायचे. आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं नाही, सूर न् सूर आधी बसवलेला. ‘फ्री बर्ड’ लावा. पहिल्यांदा शब्द सोडून द्या. ऑर्गनवर तरंगणारी गॅरी रॉसिंग्टनची स्लाइड गिटार तेवढी धरा. मग लय पळायला लागते, तिथून अ‍ॅलन कॉलिन्सच्या मागे जा. एकमेकींना चिकटून धावणाऱ्या त्या दोन्ही गिटारी त्याच्याच आहेत, स्टुडिओत एकीवर एक चढवलेल्या.

१९७५-७६चे स्टुडिओ अल्बम मागाहून ऐकलेत तरी चालेल. अटलांटाच्या फॉक्स थिएटरमधला १९७६चा लाइव्ह मात्र चुकवू नका. गिटारवादक स्टीव्ह गेन्स नुकताच आलाय आणि सगळ्यांना नवा हुरूप चढलाय.

मग १७ ऑक्टोबर १९७७ला आलेला ‘स्ट्रीट सर्व्हायव्हर्स’. त्यातल्या ‘दॅट स्मेल’ला लोक भविष्यवाणी म्हणतात. मला ते पटत नाही. रॉसिंग्टनने नशेत गाडी ठोकली होती, त्यावर मित्राने, म्हणजे रॉनीने, कळवळून काढलेली ती खरडपट्टी आहे. तशीच ऐका.

तीनच दिवसांनी, ग्रीनव्हिलहून बॅटन रूजला जाताना त्यांच्या विमानातलं इंधन संपलं आणि ते मिसिसिपीतल्या गिल्सबर्गजवळच्या जंगलात कोसळलं. २६ जणांपैकी ६ गेले: रॉनी, स्टीव्ह, त्याची बहीण कॅसी, बँडच्या व्यवस्थेतला डीन किलपॅट्रिक आणि दोन्ही वैमानिक. ‘स्ट्रीट सर्व्हायव्हर्स’च्या मुखपृष्ठावर ज्वाळांनी वेढलेला बँड होता. ते चित्र बदलावं लागलं.

अपघातानंतर बँड थांबला, तो पुन्हा जुळला १९८७ला. पण इथून थेट १९८७वर उडी मारू नका. मध्ये, वाचलेल्यांनी काढलेल्या रॉसिंग्टन कॉलिन्स बँडचा १९८०चा अल्बम ऐका. डेल क्रांट्झ गाते, त्यामुळे रॉनीशी तुलना करायचा मोह होत नाही. लोक हा अल्बम विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मग १९८७चा दौरा, रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी गायला. पण ‘फ्री बर्ड’ सुरुवातीला बिनशब्दांचंच वाजायचं. माइकच्या स्टँडवर रॉनीची हॅट, शब्द प्रेक्षकांच्या तोंडी. कॉलिन्स १९८६च्या गाडीच्या अपघातात अपंग झाला होता, त्याची जागा रँडल हॉलने घेतली. म्हणून या दौऱ्याचं रेकॉर्डिंग १९७६च्या लाइव्हला लागूनच ऐका आणि शेवटच्या पळत्या भागावर कान ठेवा. हात दुसऱ्याचे, सोलो कॉलिन्सचाच. हेल हाउसमध्ये तो इतका पक्का बसवला गेला होता, की दुसऱ्याला तो वाजवता आला.