पार्ट-टाइम घ्यायचं की बोलावतील तेव्हाच जायचं? सही करायच्या आधीची तयारी

फुल टाइम नर्सिंग सोडायचं ठरलं की पुढचा प्रश्न हाच येतो, पार्ट-टाइम घ्यायचं की पीआरएन, म्हणजे हॉस्पिटलला माणूस कमी पडला की फोन येणार आणि आपण हो किंवा नाही म्हणणार. बहुतेक जणी आधी तासाचा रेट बघतात, पीआरएनचा जास्त दिसतो आणि तिथेच ठरवून मोकळ्या होतात. कळकळीने सांगते, रेट शेवटी बघा. आधी वर्षातला सगळ्यात वाईट महिना कसा जाईल ते बघा.

तर पहिलं काम, कागद-पेन घेऊन बसायचं आणि घर चालायला महिन्याला कमीत कमी किती लागतात तो आकडा लिहायचा, हप्ते धरून. मग हे गणित करा. समजा पार्ट-टाइमला तासाला 100 मिळतात, आठवड्याला 24 तास, रजा पगारी, तर 52 आठवड्यांचे 1,24,800 झाले. पीआरएनला 120 धरा, पण 4 आठवडे तुमची सुट्टी, 1 आठवडा आजारपण आणि कॅन्सल झालेल्या शिफ्ट मिळून 3 आठवडे गेले, म्हणजे उरले 44 आठवडे आणि हातात 1,26,720. वीस टक्के जास्त रेट वाटत होता, वर्षाला फरक पडला 1,920 चा! आणि हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शनचं अजून धरलंच नाहीये, ते खिशातून भरायचं असेल तर उलटंच होतं. ऑस्ट्रेलियात कॅज्युअल, म्हणजे तिथल्या पीआरएन, नर्सला 25 टक्के जास्त देतात ते मुळात पगारी रजा नसते म्हणूनच, तो काही बोनस नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीतून इन्शुरन्स मिळत असेल तर पीआरएन खरंच परवडेल, पण ते असं मांडून बघितल्यावरच कळतं.

दुसरं, कॅन्सलचा नियम विचारा, आणि स्पष्ट विचारा. वॉर्डात पेशंट कमी झाले की बहुतेक ठिकाणी आधी पीआरएनवाल्यांना नको येऊ म्हणून सांगतात, ते किती तास आधी सांगणार, तुम्ही घरातून निघालेल्या असाल तर काही पैसे मिळणार का, आणि तुम्ही स्वतः शिफ्ट सोडली तर काय होतं. तसंच महिन्याला किमान किती शिफ्ट द्याव्याच लागतात, त्यात वीकेंड किती, नाइट किती, सणावारी यावंच लागतं का. "गरजेनुसार" म्हटलं तरी अट असतेच, आणि बरेच महिने शिफ्ट घेतली नाही तर काही ठिकाणी यादीतून नाव काढून टाकतात.

मुलं लहान असतील किंवा घरी आजारी माणूस असेल तर मी पार्ट-टाइमच म्हणेन, कारण रोस्टर आधी लागतं आणि पाळणाघर वगैरे त्याप्रमाणे ठरवता येतं. शिकत असाल, परीक्षेचे महिने रिकामे हवे असतील, तर पीआरएनसारखं दुसरं काही नाही.

आता कामाचं, ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. पीआरएनला तुम्हाला आज मेडिकल, उद्या सर्जिकल, परवा भलत्याच वॉर्डात पाठवू शकतात. हँडओव्हर घेताय, म्हणजे आधीच्या शिफ्टच्या नर्सकडून पेशंट समजून घेताय, आणि क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधं-उपकरणांची ट्रॉली) कुठंय माहीत नाही, औषधांच्या कपाटाचा अ‍ॅक्सेस बंद पडलाय, कॉम्प्युटरचा पासवर्ड एक्स्पायर झालाय कारण मागच्या महिन्यात तुम्ही आलाच नव्हता, आणि तिकडे पेशंट पेनकिलर मागतोय. हे होतं, आणि त्रास पेशंटला होतो. म्हणून ओरिएंटेशन किती दिवसांचं आणि ते पगारी आहे का, कुठल्या कुठल्या वॉर्डात फ्लोट करणार म्हणजे फिरवणार, हे आधी लिहून घ्या, आणि अनोळखी वॉर्डात अर्धा तास आधी जाऊन क्रॅश कार्ट, ऑक्सिजन आणि इमर्जन्सी नंबर बघून ठेवायची सवय लावा. नुकतंच पास झालेल्या मुलींनो, पहिली एक-दोन वर्षं तरी पीआरएन नको, शेजारी विचारायला रोजची सीनियर असली पाहिजे.

कागदपत्रांचं पटकन. रजिस्ट्रेशन रिन्यू करायला तासांची अट आहे का बघा, ब्रिटनमध्ये उदाहरणार्थ 3 वर्षांत 450 तास प्रॅक्टिस आणि 35 तास शिक्षण दाखवावं लागतं, शिफ्ट कमी मिळाल्या तर हे तास मोजत बसावं लागतं. बीएलएसचं (जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांच्या, सीपीआरच्या ट्रेनिंगचं) कार्ड साधारण 2 वर्षं चालतं, रिन्यूचे पैसे आणि तो दिवस कोणाच्या खात्यात ते विचारा. चूक झाल्याचा दावा आला तर हॉस्पिटलचं कव्हर तुम्हाला लागू आहे का तेही. व्हिसा नोकरीला बांधलेला असेल तर सही करायच्या आधी वकिलाला विचारा. होम लोन घ्यायचं असेल तर अर्ज पार्ट-टाइमवर असतानाच करा, बँकेला दर महिन्याची ठरलेली स्लिप आवडते.

आणि पीआरएनच ठरलं तर दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत आहे ती नोकरी सोडू नका, आणि मॅनेजरला मेल करून विचारा की परत पार्ट-टाइमवर यायचं झालं तर सीनियॉरिटी धरणार की पुन्हा नव्याने सुरुवात. उत्तर तोंडी नको, मेलवरच घ्या.