नवी रायफल पहिल्यांदा चालवण्याआधी: पुसणं, तेल देणं आणि तेल काढणं

“काका, कंपनीतनं नवी आलीय. तेल लावूनच पाठवलीय की. आता अजून काय करायचं?”

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळकडचे एक शेतकरी सकाळी-सकाळी दारात उभे होते आणि हातात खोक्यातली रायफल होती. बोट लावून बघितलं तर नळीच्या तोंडाशी मधासारखं घट्ट काहीतरी चिकटलेलं. मी म्हटलं, दाजी, हे तेल रायफल चालावी म्हणून लावलेलं नाही, गोदामात गंजू नये म्हणून लावलंय. लोणच्यावर तेलाचा थर असतो तसला प्रकार. हत्यार टिकावं म्हणून लावतात ते तेल वेगळं आणि चालावं म्हणून देतात ते वेगळं. पहिलं पूर्ण काढल्याशिवाय दुसरं द्यायचं नसतं.

फौजेत हत्यार साफ करण्यात आयुष्य गेलं, म्हणून आजूबाजूची मंडळी माझ्याकडे येतात. आपल्याकडे परवान्यावर बहुतेक करून १२ बोरची दुनळी नाहीतर .३१५ बोरची बोल्टवाली (दर गोळीला मागची कडी, म्हणजे बोल्ट, हातानं मागे-पुढे करायची) रायफल असते, म्हणून पुढचं सगळं .३१५ समोर ठेवून सांगतो. अर्धस्वयंचलित (पुढची गोळी आपली आपण भरणारी) रायफल शस्त्र कायद्यात जवळपास सगळी प्रतिबंधित वर्गात मोडते, साध्या परवान्यावर ती मिळत नाही. तिची साफसफाई कुठे वेगळी, ते शेवटाकडे येईल.

दुकानातच एक काम उरकून घ्या. रायफलीवर कोरलेला नंबर, बिलावरचा नंबर आणि परवान्यावर चढवलेली नोंद अक्षर-अक्षर जुळवून बघा. एक आकडा चुकला तर कचेरीच्या खेपा तुमच्याच नशिबी येतात.

घरी आल्यावर काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. सफाई चालू असताना त्या खोलीत एकही काडतूस नको, खिशातसुद्धा नको. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी घालून चाचपा. नवी आहे, रिकामीच असणार, असं म्हणून ही पायरी गाळू नका. डोळा फसतो, बोट फसत नाही. नळीचं तोंड भिंतीकडे ठेवा, आणि पोरांना तेवढ्या वेळापुरतं बाहेर पाठवा.

आता बसायची जागा. खाली पांढरी चादर अंथरा, जुनी चालेल. सोलापुरी चादर नको, कारण तिच्या नक्षीत बारीक स्क्रू पडला की संध्याकाळपर्यंत सापडत नाही. पुसायच्या फडक्याचंही तसंच. आपल्या सोलापुरात टॉवेलची कापटं हवी तेवढी मिळतात म्हणून लोक तीच घेऊन बसतात. पण टॉवेलच्या कापडाला फासे असतात, त्यांचे धागे सुटतात आणि चेंबरच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. धुऊन-धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा सुती बनियन सगळ्यात चांगलं. त्याच्या चार इंच लांब, दोन इंच रुंद चिंध्या कापून ठेवा. फौजेत चिंदीचं माप हेच. ती नळीत घट्ट बसली पाहिजे, पण अडकता कामा नये. अडकायला लागली तर कडेनं थोडी कापून घ्या.

बाकी सामान फार लागत नाही. पुल-थ्रू (एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंदीचा फास असलेली दोरी) किंवा सरळ सळई, जुना दात घासायचा ब्रश, लाकडी काड्या, थोडं रॉकेल किंवा बंदुकीच्या दुकानात मिळणारं सफाईचं द्रावण, आणि बंदुकीचं पातळ तेल. ते तेल नसेल तर शिलाई मशीनचं तेल वंगणापुरतं चालतं, पण गंज थोपवायला ते कमी पडतं. स्वयंपाकघरातलं तेल अजिबात नको. शेंगतेलासारखी तेलं जुनी झाली की चिकट होतात, आणि महिनाभरानं बोल्ट असा जड होतो की जणू कुणी गूळ ओतलाय. पेट्रोलनं धुणारेही मी बघितलेत. बंद खोलीत पेट्रोलची वाफ साचते आणि स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असतो, त्यामुळे तो खेळ करू नका. रॉकेल वापरतानासुद्धा खिडकी उघडी ठेवा.

बोल्ट काढण्याआधी सोबत आलेलं माहितीपत्रक वाचा, घडणीप्रमाणे रीत बदलते. जुन्या ली-एनफिल्ड धाटणीच्या .३१५ मध्ये बोल्ट पूर्ण मागे आणायचा, पुढचं डोकं उजवीकडून वर उचलायचं, ते आपल्या जागेतून टक् करून सुटतं, मग बोल्ट मागून सरळ बाहेर येतो. घरात दोन रायफली असतील तर बोल्टांची अदलाबदल कधीही होऊ देऊ नका. प्रत्येक बोल्ट त्याच रायफलीला बेतून बसवलेला असतो, म्हणून तर दोघांवर नंबर टाकतात.

नळीला मात्र वेळ द्या. रॉकेलात भिजवून पिळलेली चिंदी पुल-थ्रूच्या फासात अडकवा. वजनाचं टोक चेंबरकडून सोडा, ते तोंडाकडून बाहेर आलं की एका दमात सरळ ओढा. मध्ये थांबायचं नाही. दोरी नळीच्या कडेला घासता कामा नये, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात उस्तादांनी शिव्या घालून शिकवलं. दोरी मऊ आणि लोखंड कडक, घासून काय होणार असं वाटतं. पण दोरीला धूळ चिकटते, आणि धुळीची दोरी म्हणजे बारीक कानसच. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं ओढलं की नळीच्या तोंडाला खाच पडते आणि गोळी बाहेर पडतानाच एका अंगाला ढकलली जाते. मग माणूस निशाण्याला दोष देत बसतो. सळई वापरत असाल तर तीही चेंबरच्या बाजूनेच घाला, कारण तोंडाची कड हा नळीचा सगळ्यात नाजूक भाग.

पहिली चिंदी तपकिरी, चिकट निघेल. तीन-चार ओल्या चिंध्या झाल्या की पाच मिनिटं थांबा, म्हणजे आट्यांच्या (नळीच्या आतल्या वळत्या खाचांच्या) कोपऱ्यातलं ग्रीस मऊ होईल. मग पुन्हा ओढा. पांढरी चिंदी पांढरीच बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवा. शेवटी दोन कोरड्या. आता बोल्टच्या बाजूने डोळा लावून नळी उजेडाकडे धरा. आटे तोंडापर्यंत वळत गेलेले लख्ख दिसले पाहिजेत. कुठे काळी सावली किंवा धागा दिसला तर परत चिंदी.

चेंबर नळीपेक्षा रुंद असतो, तिथे नळीतून जाणारी चिंदी भिंतींना टेकत नाही. म्हणून लाकडी काडीला फडकं गुंडाळून चेंबर वेगळा फिरवून पुसा आणि कोरडाठाक करा. हे का, ते नीट समजून घ्या. गोळी सुटते तेव्हा पितळेची पुंगळी आतल्या दाबानं फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते. त्या पकडीमुळे मागे येणारा बराच जोर भिंतीवर जातो. भिंतीला तेल असेल तर पुंगळी निसटते आणि तो सगळा जोर बोल्टच्या तोंडावर येतो. नळीत ग्रीसचा गोळा राहिला तर त्याहून वाईट, कारण गोळीच्या वाटेत अडथळा आला की नळी फुगते किंवा फुटते. नळी पुसायची ती निशाण्यासाठी हे खरं, पण त्याआधी चालवणाऱ्याच्या डोळ्यांसाठी.

बोल्टचं तोंड ब्रशनं घासा. पुंगळी ओढणाऱ्या नखीच्या खाली ग्रीस दडून बसतं, काडीनं ते उकरून काढा. फायरिंग पिनच्या भोकाभोवतीही पुसा. तिथे ग्रीस भरलं की पिन सुस्तावते, काडतुसाच्या टोपीवर (बुडाशी असलेल्या, ठोक्यानं पेटणाऱ्या भागावर) ठोका कमी पडतो आणि नुसती ‘टक्’ ऐकू येते. बोल्टच्या आतली स्प्रिंग मात्र घरी उघडू नका. ती खोलण्यात काही शहाणपण नाही, ते काम शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याचं. मॅगझिन आतून कोरड्या फडक्यानं पुसा आणि कोरडंच ठेवा. मॅगझिनमधलं तेल काडतुसाला लागतं, तिथून टोपीत झिरपतं, आणि काडतूस मरतं.

आता तेल. सोलापूरकरांचं चुकतं ते इथेच. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, काळ्या रानाची धूळ पंख्याच्या पात्यांवरसुद्धा जमते. अशा हवेत तेल पातळ होऊन वाहतं, आणि जिथे वाहत जातं तिथे धूळ बोलावतं. तेल आणि धूळ एकत्र आली की घासायची पेस्ट तयार होते. म्हणून एक थेंब बोल्टच्या कुलपी उंचवट्यांवर (बोल्ट बंद केला की ज्यांनी तो जागेवर अडकतो), एक थेंब कॉक होताना घासणाऱ्या उतारावर, आणि बोल्टच्या अंगाला तेलाच्या बोटानं एक हात. बास. बोल्ट बसवा, आठ-दहा वेळा पुढे-मागे करा, परत काढा आणि वर आलेलं तेल कोरड्या फडक्यानं पुसा. पुसूनही जे उरतं तेवढंच खरं वंगण. बोट लावल्यावर ओलसर वाटावं, पण थेंब दिसू नये.

बोल्ट परत बसवताना पुढचं डोकं पूर्ण आत फिरवलेलं आहे ना, ते बघा. ते सैल राहिलं तर रायफल चालवायची नाही. मग रिकाम्या रायफलीवर सेफ्टी लावून चाप दाबून बघा. फायरिंग पिन सुटता कामा नये. हे एक-दोनदाच करा, रिकामा ठोका पुन्हा-पुन्हा मारायची खोड लावून घेऊ नका.

बाहेरच्या लोखंडाला तेलाच्या फडक्यानं एक पातळ हात द्या. घामाचे हात फार वाईट, त्यातल्या मिठानं बोटांचे ठसे गंजून उमटतात. म्हणून शेवटचा हात फिरवल्यावर लोखंडाला बोट लावायचं नाही.

लाकडाच्या दस्त्याचं शास्त्र वेगळं. बंदुकीचं तेल लाकडात मुरलं की लाकूड मऊ पडतं. लाकडाला जवसाचं तेल, तेही कच्चं. फौजेतही हेच होतं. आपल्या घरात जवसाची चटणी असते तशी तेलाची बाटलीही सहज मिळते. तळहातावर चार थेंब घ्या, गरम होईपर्यंत चोळा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसून टाका. उन्हाळ्यात लाकूड कोरडं पडून आकसतं, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला हा हात जरूर द्या आणि दस्त्याचे स्क्रू सैल झालेत का तेही बघा. एक इशारा: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली फडकी आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

आता अर्धस्वयंचलितबद्दल. आमच्या हातात इशापूरच्या कारखान्यातली ७.६२ ची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) होती, वीस गोळ्यांच्या मॅगझिनची. तिच्यात बोल्ट मागे ओढायचं काम हातानं नाही, गोळीच्या मागच्या गॅसनं होतं. गॅस नळीतल्या भोकातून वर येतो, पिस्टनला ढकलतो, पिस्टन बोल्टला. म्हणून तिथे दोन नियम उलटसुलट चालतात. जिथे लोखंड लोखंडावर सरकतं तिथे बोल्टवाल्या रायफलीपेक्षा थोडं जास्त तेल, कारण हालचाल वेगानं होते. पण गॅस प्लग, पिस्टन आणि त्याचं सिलेंडर कोरडंच. तिथे तेल राहिलं तर गरम गॅसमध्ये जळून त्याची काजळी होते, पिस्टन जड होतो आणि रायफल दुसरी गोळी भरायला मागेपुढे बघते. कवायतीच्या मैदानावर नव्या रंगरूटाची रायफल अडली की उस्ताद आधी त्याच्या गॅस प्लगवर बोट फिरवून बघायचे, आणि बोट काळं निघालं की पुढची गोष्ट सांगायला नको.

पहिली गोळी चालवायच्या दिवशी मैदानावर पोचल्यावर एक कोरडी चिंदी नळीतून आणि एक चेंबरमधून पुन्हा काढा, कारण ठेवणीत लावलेलं तेल वाटेत खाली उतरून बसलेलं असतं. परत आल्यावर त्याच रात्री ओली चिंदी, कोरडी चिंदी, आणि मग ठेवणीसाठी तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी परत एकदा पुसा, पहिल्या दिवशी न निघालेली काजळी तेलात सुटून वर आलेली असते.

ठेवताना कातड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत महिनोन्महिने ठेवू नका. खोळ ओल धरून ठेवते. आपल्याकडे पाऊस उशिरा, सप्टेंबरात जोर धरतो आणि तेव्हाच लोक बेसावध असतात. कुलूपबंद कपाट, आत सिलिका जेलची पुडी, नळीचं तोंड थोडं खाली. उभी ठेवली तर तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरतं.

निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करावं लागलं, तर परत आल्यावर ते नवंच समजा. २०२४ मध्ये आपल्याकडे मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा झाली, तेव्हा काहींच्या बंदुका वर्षात दोनदा घराबाहेर होत्या. मोहोळच्या दाजींनी जमा करायच्या आदल्या रात्री नळीला जाडसर तेल लावलं होतं, ते बरोबरच केलं. घेऊन आल्यावर मात्र ते तेल काढायचं विसरले आणि तशीच घेऊन माझ्याकडे आले. मी पांढरी चादर अंथरली आणि चिंध्या त्यांच्या हातात दिल्या.