व्यायामानंतरची नाडी: घरातल्या स्त्री-पुरुषांनी ती कशी मोजावी

व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात हृदयाचे ठोके कितीने उतरतात, यावरून हृदयाला शांत करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या कामाचा अंदाज येतो. मात्र शिवाजी पार्कला एकत्र फेऱ्या मारणाऱ्या नवरा-बायकोने नुसते आकडे शेजारी ठेवून कोण अधिक तंदुरुस्त हे ठरवू नये. स्त्रीचे हृदय सरासरीने लहान असते, एका ठोक्याला ते कमी रक्त ढकलते आणि म्हणून तिची विश्रांतीची नाडी मुळातच थोडी जलद असते.

सर्वप्रथम ही विश्रांतीची नाडी नोंदवावी. सकाळी जाग आल्यावर, चहापूर्वी, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत. पाळीपूर्वीच्या पंधरवड्यात अनेक स्त्रियांची नाडी किंचित वाढते, त्यामुळे त्यांनी महिन्याच्या त्याच टप्प्यातील नोंदींची तुलना करावी.

त्यानंतर इमारतीच्या जिन्याच्या तळच्या पायरीवर तीन मिनिटे एका लयीत चढ-उतार करावी. दोघांची लय सारखीच हवी असा हट्ट नको. क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट या प्रसिद्ध चाचणीतही पुरुषांना मिनिटाला २४ आणि स्त्रियांना २२ चढ-उतार दिलेले आहेत. वेळ पहाटेची असावी. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते आणि नाडी उशिरा उतरते, म्हणून मे महिन्यातला आकडा जानेवारीतल्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

खरी कसोटी थांबल्यानंतरची आहे. थांबताच १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणावे आणि मिनिट पूर्ण होताच पुन्हा तसेच करावे. एक ठोका चुकला तरी उत्तरात चारचा फरक पडतो, त्यामुळे ठोके मोजणारा छातीचा पट्टा असल्यास तोच वापरावा. उभे राहून मोजायचे ठरवले असेल, तर दरवेळी उभेच राहावे. आडवे झाल्यास नाडी लवकर उतरते.

आता हिशेब. समजा, तिची विश्रांतीची नाडी ७८, थांबतानाची १५० आणि मिनिटानंतरची १२८ आहे. त्याची अनुक्रमे ६२, १५० आणि १२४. ती २२ ठोके उतरली, तो २६. परंतु विश्रांतीपासून जेवढी नाडी चढली होती त्याच्याशी हे प्रमाण काढले, तर तिचे सुमारे ३१ आणि त्याचे सुमारे ३० टक्के येते, म्हणजे फरक जवळपास उरत नाही. स्त्रियांची नाडी लवकर उतरते की पुरुषांची, यावर अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत.

‘पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरणे म्हणजे धोका’ हा बहुचर्चित आकडा १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, दवाखान्यातील व्यायामचाचणीवर आधारलेल्या अभ्यासातला आहे. घरच्या पायरीला तो लावू नये. हृदयविकार असलेल्यांनी, बीटा-ब्लॉकर (नाडी मंदावणारी औषधे) घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये, आणि छातीत दुखले किंवा चक्कर आली तर कोणीही लगेच थांबून डॉक्टरांना गाठावे.

स्त्रीची नाडी थोड्या श्रमानेही फार चढत असेल, तर व्यायाम वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, तर त्याच वयाच्या पुरुषांमध्ये २५ टक्के.