न्यू जर्सीत गुन्ह्याचा आरोप आला तर काय करावे: समन्सपासून निकालापर्यंत

सेल्फ चेकआउटवर दोन वस्तू स्कॅन न होताच पिशवीत गेल्या. दारात सुरक्षारक्षकाने अडवले, पोलीस आले आणि हातात एक कागद ठेवून गेले. शिकायला किंवा नोकरीला इथे आलेल्या मराठी मुलाच्या मनात अशा वेळी एकच विचार येतो: कबूल करू, दंड भरू, पण घरी कळायच्या आत हे मिटवू. नेमकी ही घाईच महागात पडते. राज्याच्या कोर्टात किरकोळ ठरलेली गोष्ट व्हिसाच्या कागदांत किरकोळ राहत नाही.

आधी गप्प राहा

पोलिसांना नाव, पत्ता आणि ओळखपत्र द्या. त्यापुढच्या प्रश्नांना एकच उत्तर: ‘मला वकील हवा आहे.’ कोठडीत चौकशी करण्यापूर्वी पोलिसांनी हा हक्क समजावून सांगितलाच पाहिजे, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६६चा निकाल आहे. पण दुकानातला खासगी सुरक्षारक्षक पोलीस नसतो. त्याने मागच्या खोलीत बसवून पुढे केलेल्या कबुलीच्या फॉर्मवर सही करू नका, कारण तो फॉर्म पुढे कोर्टात येऊ शकतो. ‘चुकलं, माफ करा’ म्हणून विषय संपवायचा ही आपली घरची शिकवण. इथे तेच वाक्य पुरावा होते.

अटक झालीच तर भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी स्वतःहून करा. भारतीय नागरिकांच्या बाबतीत ते आपोआप होत नाही.

हातातला कागद नीट वाचा

त्यावर कलम, गुन्ह्याचा दर्जा, कोर्ट आणि तारीख असते. इतर अनेक राज्यांतले ‘फेलनी’ (गंभीर गुन्हा) आणि ‘मिसडिमिनर’ (किरकोळ गुन्हा) हे शब्द न्यू जर्सीच्या कायद्यात वापरत नाहीत. इथे पहिल्या (सर्वांत गंभीर) ते चौथ्या श्रेणीचे ‘क्राइम’ असतात आणि त्याखाली ‘डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स’ येतो. दुकानातल्या चोरीत मालाची किंमत २०० डॉलरपेक्षा कमी असेल तर आरोप या खालच्या गटात बसतो आणि कमाल सहा महिने कैद होऊ शकते. २०० ते ५०० डॉलर असेल तर चौथी श्रेणी लागते, म्हणजे १८ महिन्यांपर्यंत. त्यावर ७५,००० डॉलरपर्यंत तिसरी श्रेणी, तीन ते पाच वर्षे. म्हणून बिलात लावलेली किंमत वकिलाला तपासायला सांगा.

समन्स असेल तर घरी जाता येते. वॉरंट असेल तर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात नेतात. १ जानेवारी २०१७पासून इथे रोख जामीन जवळपास बंद झाला आहे. त्याऐवजी जोखमीचे मूल्यमापन करून साधारण ४८ तासांत सुटकेचा निर्णय होतो.

खटला कुठे चालतो

खालच्या गटाचा आरोप म्युनिसिपल कोर्टात चालतो. तिथे ज्युरी नसते, न्यायाधीशच निकाल देतात. ‘क्राइम’चे आरोप, कुठल्याही श्रेणीचे असोत, काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जातात. एडिसनमधले प्रकरण असेल तर न्यू ब्रन्सविकला. तिथे २३ जणांची ग्रँड ज्युरी बसते आणि किमान १२ जणांना आधार पटला तर आरोप निश्चित होतो. मग आरोपाचे वाचन, सरकारी पक्षाकडचे पुरावे हाती येणे, अर्ज, आणि तडजोड झाली नाही तर १२ जणांच्या ज्युरीपुढे सुनावणी. दोषी ठरवायला त्या बाराही जणांचे एकमत लागते.

तारीख चुकवू नका, ती झूमवर असली तरी. गैरहजर राहिलात तर अटक वॉरंट निघू शकते. भारतातून आलेल्या आईवडिलांवर प्रसंग आला असेल तर मराठी दुभाषी मागा. त्याचे पैसे लागत नाहीत.

पहिल्या तारखेला ‘नॉट गिल्टी’ म्हणा. यात खोटे बोलणे नाही. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची आहे आणि तुमचे सगळे पर्याय त्यामुळे उघडे राहतात.

वकील आणि बचावाचे पर्याय

ऐपत नसेल तर पब्लिक डिफेंडरसाठी अर्ज करा. गंभीर आरोपात गरीब आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे, हे १९६३मध्ये ठरले. वकिलाला पहिल्याच भेटीत व्हिसा दाखवा. कबुलीमुळे देशाबाहेर जावे लागू शकते का, हे सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे, असे २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मी तर म्हणेन, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा स्वतंत्र फी देऊन विचाराच.

बचाव अनेक प्रकारचा असतो. चोरीचा हेतूच नव्हता, दुकानाचे व्हिडिओ चित्रण वेगळे सांगते, झडती बेकायदा होती. कधी आरोप खाली आणून नगरपालिकेच्या नियमभंगावर प्रकरण मिटते.

खरा फास आहे तो ‘रेकॉर्ड स्वच्छ राहील’ अशा वाटणाऱ्या योजनांत. ‘क्राइम’च्या आरोपांसाठी ‘प्रीट्रायल इंटरव्हेन्शन’ आहे. पहिल्यांदाच आरोप आलेल्याला ठराविक काळ देखरेखीखाली ठेवतात आणि तो नीट पार पडला की आरोप रद्द होतो. त्यात बहुतेक वेळा गुन्हा कबूल करावा लागत नाही. म्युनिसिपल कोर्टातला ‘कंडिशनल डिसमिसल’ वरवर तसाच दिसतो, पण त्यासाठी आधी कबुली द्यावी लागते किंवा दोषी ठरावे लागते. पुढे राज्याने आरोप रद्द केला तरी ती कबुली आणि सोबत लादलेली बंधने यांना इमिग्रेशनचा कायदा दोषसिद्धी धरू शकतो. दोन्ही कागद वर्षभराने सारखेच दिसतात, परिणाम सारखे नसतात. सही करण्यापूर्वी विचारा: ‘यात मी गुन्हा कबूल करतोय का?’

निकालानंतर

कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाच्या शिक्का मारलेल्या दोन-तीन प्रती घ्या. व्हिसाच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न येतो आणि आरोप रद्द झाला असला तरी त्याचे खरे उत्तर द्यावे लागते. नोंद पुसून घेण्यासाठी अर्ज करण्याआधीच या प्रती काढा, नंतर त्या मिळवणे अवघड जाते.