टाकाऊ मालातून थंड छप्पर : या चुका टाळा

मी छपरांची कामं घेतो, त्यामुळे एप्रिल उजाडला की मला फोन सुरू होतात. "व्हिडिओ बघून घरीच करतोय, फक्त एक विचारायचं होतं." हे एक विचारणं बहुतेक वेळा काम बिघडल्यानंतरचं असतं. टाकाऊ मालातून ऊन परतवणारं छप्पर होतं, यात शंका नाही. फुटक्या पांढऱ्या टाइल्सच्या चिप्स, संगमरवर कापताना निघणारी भुकटी, कोकणात शिंपले भाजून केलेला चुना, यातलं काहीच नवं नाही. पण माल फुकटाचा असला तरी काम फुकटात होत नाही, हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवते ती चकाकीची चूक. वेफर्सची पाकिटं उलटी करायची, तेलाचे डबे ठोकून सरळ करायचे, नाहीतर भंगारातून चंदेरी फिल्म आणायची आणि चकचकीत बाजू आभाळाकडे करून पत्र्यावर लावायची. चमकतंय म्हणजे थंड राहणार, असा हिशोब! छपराला दोन कामं करावी लागतात. ऊन परत फेकायचं, आणि तरीही जी उष्णता आत शिरली ती आभाळाकडे सोडून द्यायची. पांढरा चुना, पांढरं सिमेंट, पांढरी टाइल ही दोन्ही कामं करतात. उघडा चकचकीत धातू पहिलं काम बरं करतो आणि दुसऱ्याला जवळजवळ हातच लावत नाही. म्हणून तर ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या 2017 च्या आवृत्तीत कमी उताराच्या थंड छपरासाठी दोन आकडे दिलेत : परावर्तन (ऊन परत फेकणं) किमान 0.60 आणि उत्सर्जन (उष्णता सोडणं) किमान 0.90. विकणारा माणूस पहिलाच आकडा सांगतो. दुसरा विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

संगमनेरकडे कोंबड्यांच्या एका शेडवर हेच झालं होतं. मालकांनी अख्ख्या पत्र्यावर फिल्म चिकटवली होती आणि हातात इन्फ्रारेड गन (लांबूनच तापमान दाखवणारं यंत्र) घेऊन मला कौतुकानं दाखवत होते, "बघा ना साहेब, शेजारच्या शेडपेक्षा किती कमी दाखवतंय!" खाली कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. म्हटलं, दादा, आधी पक्ष्यांकडे बघा, मग यंत्राकडे. ही गन पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता मोजते. चकचकीत धातू उष्णता सोडतच नाही, तर गनला दिसणार काय? मी शेडमध्ये जाऊन पत्र्याच्या खालच्या अंगाला काळ्या इलेक्ट्रिक टेपचा तुकडा चिकटवला, थोडा वेळ जाऊ दिला आणि त्या टेपवर गन धरायला लावली. आकडा बघून मालक गप्पच झाले. नंतर ती फिल्म काढून वर पांढरा लेप दिला. काढलेली फिल्म वाया नाही गेली. पत्र्याखाली, मध्ये हवेची फट ठेवून, चकचकीत बाजू जमिनीकडे करून ताणून बसवली. तिथे उष्णता न सोडण्याचा तोच गुण कामाला येतो, आणि खालच्या बाजूला धूळही बसत नाही. फक्त वायरिंगपासून लांब ठेवा, प्लास्टिक आहे, पेटतं.

आता काही गोष्टी भराभर सांगतो, कारण त्यांच्यावर जास्त बोलायची माझी इच्छा नाही. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळवून गच्चीला फासू नका. करताना भडका उडण्याची भीती, आणि नंतर उन्हानं ते पिवळं पडून तडकतं. पीओपीचा भुगा बाहेर वापरू नका, पावसात टिकत नाही. लोखंडी पत्र्यावर चुना मारताना त्यात मीठ घालू नका, गंज चढेल. जुने अॅसबेस्टॉसचे पत्रे रंगवायच्या आधी खरवडू नका, पॉलिश पेपर मारू नका, आणि त्यांचे तुकडे भर म्हणून कोब्यात (गच्चीवर घालतात त्या तुकड्या-मालाच्या थरात) तर अजिबात टाकू नका. ते तंतू फुप्फुसात जातात.

संगमरवराची भुकटी किंवा अंड्याची टरफलं नुसती पाण्यात कालवून लावणारे वेगळेच. ती भर आहे, चिकटवणारं दुसरं काहीतरी लागतं : नीट विरवलेला चुना, पांढरं सिमेंट किंवा बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक बाइंडर. मी आधी कोपऱ्यात हातभर जागेवर लावतो, आठवडाभर उन्हात राहू देतो, वर बादलीभर पाणी ओततो आणि तळवा घासून बघतो. हात पांढरा झाला की मिश्रण बदलायचं. "आठवडा कोण थांबणार?" असं विचारणाऱ्याचं काम मी घेत नाही.

आता चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सचे फुटके तुकडे सिमेंटमध्ये जवळजवळ बसवून केलेला गच्चीचा वरचा थर. टाकाऊतून थंड छप्पर म्हणाल तर काँक्रीटच्या गच्चीसाठी मला याहून चांगलं काही माहीत नाही, आणि बिघडवतातही हेच सगळ्यात जास्त. पुण्यातल्या एका सोसायटीत कमिटीला फ्लोअरिंगच्या कामातून फुटक्या व्हिट्रिफाइड टाइल्स फुकट मिळाल्या. तांबड्या, राखाडी, लाकडाच्या नक्षीच्या, सगळ्या. मिस्त्री कुरकुरला, पण "टाइल ती टाइल" म्हणून त्याला गप्प केलं. पहिल्या उन्हाळ्यातच गच्ची ठिकठिकाणी पोकळ वाजायला लागली, आणि पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या छताला ओल आली. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही. साधी स्लरी, म्हणजे सिमेंटचं पातळ कालवण, तिला धरणार कशी? शिवाय गडद रंगाच्या तुकड्यांनी गच्ची थंड व्हायची कशी, हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणाला पडला नव्हता. शेवटी सगळं फोडलं. फुकटच्या टाइल्सचा राडारोडा उचलायला पैसे गेले ते वेगळेच.

भिंतीच्या पांढऱ्या ग्लेझ्ड सिरॅमिक टाइल्सचेच तुकडे घ्या. दुकानदार फुटका माल गोणीनं देतात. गोण्या ओतून रंगीत तुकडे स्वतः वेचून काढा, मजुरावर सोडू नका. तुकडे भिजवून मगच बसवा, नाहीतर ते मालातलं पाणी ओढून घेतात. फार बारीक चुरा करू नका. तुकडे जितके लहान तितक्या सांधी जास्त, आणि सांध्यांत करडं सिमेंट भरलंत तर गच्चीचा बराच भाग करडाच राहतो. सांधी पांढऱ्या सिमेंटच्याच हव्यात.

पण चिप्स ही शेवटची पायरी. त्याआधी विटांच्या तुकड्यांचा कोबा, पाणी जायच्या तोंडाकडे उतार (शंभराला एक तरी हवाच), कठड्याच्या कडेनं वाटा (गच्ची आणि कठडा मिळतो त्या कोपऱ्यात मालाची गोलाई), आणि आळी बांधून, पाणी साठवून गळतं का याची परीक्षा. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवायचा मोह आवरा. चार इंची कोब्याचं वजनच चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास जातं. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक घमेलंही वर नेऊ नका.

आणि हे काम मे महिन्यात दुपारी करू नका. तापलेल्या स्लॅबवर माल लावता लावता सुकतो. मी दिवाळीनंतर सुरू करतो आणि शक्यतो फेब्रुवारीत हात धुतो. पाणी किमान सात दिवस मारायचं. मिस्त्री शेवटी चकाकी आणायला ॲसिड ओततो, त्याचा कॅन आधीच खाली ठेवून घ्या. पांढऱ्या सांधी त्यानंच खाल्ल्या जातात. स्लरी ओली असतानाच फडक्यानं पुसली तर ॲसिडची गरजच पडत नाही.

पांढरी गच्ची धुळीनं करडी होते आणि तितकी तापायला लागते. शिमग्याच्या आधी खराट्यानं घासून धुवा, टाकीच्या ओव्हरफ्लोखालचं शेवाळ काढा, आणि हातात नाणं घेऊन गच्चीभर ठोकत फिरा. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूनं खूण करा. तेवढाच भाग उकरून पाडव्याच्या आत बुजवला तर पुढचा खर्च वाचतो.